न भेटलेल्यांची यादी

भाऊ, गेल्या आठवड्यात मी टीव्हीवर दिसले. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, साडी कोणती नेसली होतीस, आणि मग विचारलं असतंत, बोलू दिलं का. तुरीच्या आयातीवर चर्चा होती. पडद्यावर चार चौकटी, मागे आगीच्या ज्वाळा आणि खाली मोठ्या अक्षरांत 'शेतकरी विरुद्ध ग्राहक', जणू शेतकऱ्याच्या घरी वरण होतच नाही. दोन चौकटींत दोन पक्षांचे प्रवक्ते, तिसरीत एक अर्थतज्ज्ञ आणि चौथीत मी, 'ज्येष्ठ पत्रकार, जळगाव'. पंचवीस मिनिटं मी नुसती मान हलवत होते. शेवटी पाळी आली तेव्हा म्हटलं, "आपल्या चौघांत तूर पिकवणारं कोणी नाही, भरडणारं नाही, पोतं उचलणारं नाही. डाळ शिजवणारी तेवढी मी आहे, आणि मलाच तुम्ही आता विचारताय." निवेदक म्हणाला, "अतिशय महत्त्वाचा मुद्दा, पण एका छोट्याशा ब्रेकनंतर." ब्रेकनंतर चौकटी तीनच होत्या. मी फोन हातात धरून एकटीच हसत बसले, आणि तुमची अशी काही आठवण आली की सांगता सोय नाही.

कारण ते बोलणं माझं नव्हतंच, तुमचं होतं. मी धुळ्याहून तुमच्या व्यापार पानावर आले तेव्हा स्वतःला फार शहाणी समजत होते. पहिलीच बातमी एका पत्रकार परिषदेची. हॉटेलात गार हवा, प्रत्येकाला फाइल, कचोरी, आणि टेबलामागे पांढरे कपडे घातलेले पाच जण. मी परत येऊन झोकात लिहिलं, 'निर्णयामुळे उद्योगजगतात तीव्र नाराजी'. तुम्ही कागद हातात घेता, चष्मा कपाळावर सरकवता आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात विचारता, "हे उद्योगजगत कोणत्या गल्लीत राहतं गं? पत्ता दे, संध्याकाळी जाऊन येतो." सगळे फिदीफिदी हसले. मी जिन्यात जाऊन रडले, तोंड धुऊन परत आले, तर तुम्ही माझ्या टेबलावर पेन्सिल ठेवली होती. यापुढे प्रत्येक बातमीच्या खाली पेन्सिलीनं लिहायचं, या बातमीसाठी कोण कोण भेटलं नाही. "छापायला नाही," तुम्ही म्हणालात, "तुला लाज वाटावी म्हणून." ऑपरेटरला माहीत असायचं की पेन्सिलीतलं टाइप करायचं नाही. तुम्ही स्वतःही वर्षानुवर्षं तसंच करत आला होतात, आणि तुमच्या पानाला तोवर एकदाही शुद्धिपत्रक द्यावं लागलं नव्हतं, याचा तुम्हाला केवढा अभिमान! आल्यागेल्याला सांगायचात. चहावाल्यालासुद्धा.

मला राग यायचा त्या यादीचा. औद्योगिक धोरणाच्या बातमीखाली मी एकदा 'कामगार' एवढंच लिहिलं, तर तुम्ही दुसऱ्या दिवशी मला नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पिटाळलंत. मी धुसफुसत गाडीत बसले. हातात वहिनींनी दिलेला डबा, त्यात कळण्याची भाकरी आणि भरीत, वर तुमची सूचना की एकटीनं खायचं नाही. एका कारखान्याच्या फाटकाबाहेर पाळी सुटलेल्या चौघांबरोबर मी ती भाकरी खाल्ली. वर्तमानपत्रांत पंधरा दिवस करसवलत, वीजदर, भूखंड असं रणकंदन चाललं होतं. या चौघांचं मागणं काय, तर पाळी दहा मिनिटं अलीकडे सोडा, म्हणजे आमची गाडी चुकत नाही. मी तेवढंच लिहिलं, तुम्ही ते करसवलतीच्या शेजारी तितक्याच मोठ्या मथळ्यात लावलंत. महिन्याभरात पाळी खरंच दहा मिनिटं अलीकडे आली. त्या दिवशी तुम्ही ऑफिसभर जिलेबी वाटलीत आणि मला म्हणालात, फुगू नकोस. मी फुगलेच होते.

आणि मग डाळीचा तो आठवडा. सरकारनं डाळीच्या साठ्यावर मर्यादा घातली, दालमिलवाल्यांनी निषेध म्हणून मिली बंद ठेवल्या. बाहेरची मोठी वर्तमानपत्रं एका दिवशी 'साठेबाजांना दणका' म्हणायची, दुसऱ्या दिवशी 'उद्योगाचा गळा आवळला' म्हणायची. आपल्या मालकांना ही धग नको होती. जाहिरातीही मिलवाल्यांच्याच आणि अधिकारीही ओळखीचे. मालकांनी तुम्हाला बजावलं होतं, दोन्ही बाजूंचं एकेक पत्रक छापा आणि गप्प बसा, नाहीतर व्यापार पानाच्या जागी जाहिरातींची पुरवणी सुरू करतो. तुमचं पान खरोखरच टांगणीला लागलं होतं. मी दोन पत्रकांवरून बातमी केली आणि रागारागानं खाली पेन्सिलीनं भलीमोठी यादी लिहिली. पुढची गोष्ट मी गेली कित्येक वर्षं लग्नकार्यात, संमेलनात, जिथे जाईन तिथे सांगते, ती अशी. नेहमीचा ऑपरेटर रजेवर, बदली आलेल्यानं पेन्सिलीतलंही टाइप केलं, आणि सकाळी जळगावपासून धुळ्यापर्यंत लोकांनी बातमीच्या शेवटी वाचलं: 'न भेटलेले: डाळ निवडणाऱ्या बाया. हमाल. लहान मिलवाले. पारोळ्याकडचा तूरवाला शेतकरी. पुरवठा खात्याचे साहेब (जेवायला गेले, चारपर्यंत आले नाहीत).'

मी दहाला ऑफिसात पोचते तर जिना भरलेला. वीस-पंचवीस बाया, मिल बंद म्हणून चार दिवस घरी बसलेल्या, पदर खोचून पायऱ्यांवर बसल्या आहेत. सगळ्यात पुढची मला म्हणाली, "पेपरमा छापं ना तुम्ही, आमले भेटनात नही म्हनीसन? मंग आम्ही बठ्ठ्या उनूत. आते भेटा." सगळ्याच्या सगळ्या आल्या होत्या, आता भेटा म्हणत. तुम्ही खुर्च्या आणायला धावलात, खुर्च्या संपल्या तेव्हा रद्दीचे गठ्ठे मांडलेत. हमाल आले. दोन खोल्यांत मिल चालवणारे एक जैन काका आले, म्हणाले, "मर्यादा मोठ्यांना असेल, माझ्याकडे तर साठाच नाही, तरी बंदमध्ये मीच बंद." अकराच्या एसटीनं पारोळ्याहून एक नाना उतरले, टोपी काढून वारा घेत म्हणाले, "तूर मनी शे, आनि बोली ऱ्हायना बठ्ठा मुलूख. मालेच कोन्ही इचारत नही." ज्याची तूर त्यालाच कोणी विचारत नाही म्हटल्यावर बायांनी त्यांना पहिली खुर्ची दिली. मग काय, नाना आणि काका भावावरून भांडले, बायांनी दोघांनाही गप्प केलं, हमालांनी सगळ्यांना चहा सांगितला. सरकार जिंकलं काय, व्यापारी जिंकला काय, मिल सुरू तर आमची चूल सुरू, हे बायांनी इतकं सरळ सांगितलं की मला ते मथळ्यासाठी बदलावंही लागलं नाही. तीन तास आपण दोघं नुसते लिहीत होतो. इतका आनंद मला पुढे कोणत्याही पुरस्कारानं दिला नाही.

दुसऱ्या दिवशी व्यापार पानावर फक्त त्यांचं बोलणं होतं. दुपारपर्यंत पाचोऱ्याच्या एजंटाचा अंक वाढवून पाठवा म्हणून फोन आला, अमळनेरचा आला. पुरवणीचा विषय मालकांनी परत काढला नाही. मिली आठवड्यात उघडल्या. आपल्यामुळे उघडल्या असं मी कधी म्हटलं नाही, पण त्या बायांनी म्हटलं आणि मी त्यांना अडवलं नाही. फक्त साहेब भडकले होते. ते खरोखरच जेवायला गेले होते, त्यामुळे नाकारताही येईना. त्यांच्या समाधानासाठी शुद्धिपत्रक छापावं लागलं: 'व्यापार पान प्रमुखांच्या नजरचुकीमुळे'. तुमचं पहिलं आणि शेवटचं. त्या रविवारी तुमच्या स्वयंपाकघरात वहिनींनी शेवभाजी केली होती, तुम्ही ते कात्रण डब्यांच्या फळीवर चिकटवलंत आणि म्हणालात, हिच्या हाताखाली काम करून अखेर मी प्रसिद्ध झालो. आपण हसून हसून बेजार झालो.

आता कोणीतरी त्या यादीचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरवला आहे, 'खान्देशातली गोड चूक' म्हणून. गुरुवारी कॉलेजातल्या पत्रकारितेच्या मुलामुलींसमोर मला तीच गोष्ट सांगायला बोलावलंय. सकाळी तयारी करायला बसले आणि हे पत्रच होऊन बसलं. वहिनींकडे नेऊन द्यावं असं मनात आलं, पण त्या चष्मा लावून सावकाश वाचतील आणि मग माझ्याकडे बघतील, ते मला झेपणार नाही. म्हणून कपाटातल्या साड्यांखाली ठेवते आहे.

डाळीच्या त्या बातमीचं पान छपाईआधी तपासायला माझ्यासमोर आलं होतं, भाऊ. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते, लख्ख उजेड होता, मी यादी दोनदा वाचली आणि सही केली. माझी सही असली की तुम्ही वाचत नव्हतात, हे मला ठाऊक होतं. ते छापून गेलं याचं मला आजही वाईट वाटत नाही, पुन्हा तसंच करीन. पण मालकांनी तुम्हाला बोलावलं तेव्हा मी दाराबाहेर उभी होते. तुम्ही म्हणालात, "पोरीला काही बोलू नका, माझ्या नजरेतून सुटलं." मला शब्दन्‌शब्द ऐकू आला, आणि मी आत आले नाही.