अर्धा तिरका

९ एप्रिल १९८४
सुलूचं लग्न ठरलं! मुलगा चंद्रप्रकाश, घाटकोपरचा, बँकेत आहे. आता पत्रिका. मुलुंडला स्वतःचा छापखाना असून मुलीची पत्रिका बाहेर छापली, तर लोक तोंडात शेण घालतील.

१० एप्रिल
सुलू म्हणते, "बाबा, इंग्रजी पत्रिका तिरक्यातच हवी हं." तिरका म्हणजे आमचा तो इंग्रजी टाईप — उजवीकडे कललेला, जाड रेघ भरघोस, बारीक रेघ केसासारखी. दिसायला झकास, वागायला नखरेल. मशिनचा दाब जरा जास्त पडला की रेघ तुटते. बिलबुकाला, हँडबिलाला उपयोग शून्य. लग्नपत्रिका, अत्तराचं लेबल, फार तर डॉक्टरचं कार्ड.

व्याही म्हणतात, नावं सगळी कॅपिटलात घ्या. तिरक्यात सगळी कॅपिटलं म्हणजे पंगतीत झाडून सगळ्यांनी फेटे बांधून बसायचं! तोंडावर हो म्हटलं. मुलीचा बाप पडलो. जुळवताना मात्र पहिलंच अक्षर कॅपिटल घेणार.

१२ एप्रिल
शिशाची अक्षरं जुळवायला घेतली. छोटा ए लगेच संपला! सुलक्षणा आणि चंद्रप्रकाश, दोघांच्या नावातच सात लागतात. टाईप ओतणारा फाउंड्रीवाला साहेबाच्या भाषेच्या हिशेबाने अक्षरं देतो, आमच्या नावांना पुरणार कुठून? त्यात माझ्याकडे टाईप अर्धाच. उरलेला अर्धा वाकोल्याला, माझ्या धाकट्या भावाकडे, लवूकडे.

वेगळे झालो तेव्हा मशिनं दोन होती, एकेक घेतलं. तिरका एकच. मी म्हणालो माझा, तो म्हणाला माझा. शेवटी प्रत्येक अक्षराचे खिळे निम्मे निम्मे केले. धड पत्रिका दोघांनाही छापता येईना, पण वाटणी चोख! तेव्हापासून बोलणं नाही.

१३ एप्रिल
सुलूची आई — "दुसरा टाईप घ्या, नाहीतर भावाकडे जा. दोन्ही नको म्हणून कसं चालेल?"
 सुलू रात्री जेवली नाही.

१५ एप्रिल
गेलो वाकोल्याला. नाक्यावरच लवू भेटला. केस पिकलेत. म्हटलं, सुलूचं लग्न आहे, तिरका हवाय. "तू हयच थांब, दादा. मी डबो घेऊन येतंय." तिरक्याचा डबा आणून हातात दिला, वर उभ्या उभ्या चहा. छापखान्याची पायरी काही चढू दिली नाही. एवढा माज! डोकं फिरलं माझं. तरी डबा घेतला.

१७ एप्रिल
प्रूफ काढलं. लवूचे खिळे कोरे करकरीत, त्यांचे ठसे काळेभोर उठतात. माझे कार्डांना वापरून झिजलेले, फिकट. खाली कागद लावून लावून उंची सारखी केली. पठ्ठ्याने इतक्या वर्षांत हातसुद्धा लावला नाही! वापरायचा नव्हता, तर भांडलास कशाला रे?

१८ एप्रिल
निमंत्रकांत काका म्हणून लवूचं नाव घातलं. सुलूच्या आईचा हट्ट. मलाही बरं वाटलं, पण तिला सांगितलं नाही.

२१ एप्रिल
पत्रिका छापून झाल्या. सुंदर! सुलूने वास घेतला शाईचा.

२२ एप्रिल
डबा परत करायला आणि पत्रिका द्यायला वाकोल्याला गेलो. लवू कामावर गेलेला. छापखान्याच्या जागी पिठाची गिरण. त्याची बायको सुगंधा म्हणाली, "छापखानो बंद होऊन तीन वर्सां झाली, भावोजी. मशीन गेलां, टाईप भंगारात गेलो. ह्यो डबो तेवढो हे कोणाक देईनत. म्हणत, सुलूच्या लग्नाक दादा मागूक येतलो."