हळदीने पिवळी झालेली नाव

मंगळवार, ता. १२ मार्च १९४६, दुपारी सव्वातीन वाजता माझा भाचा उत्तमराव याने काहिलीत शिजलेली हळद वाफाळतीच माझ्या नावेत ओतली. म्हणून हे मृत्युपत्र नव्याने लिहीत आहे. आधीचे रद्द समजावे.

मी नर्मदाबाई आनंदराव इंगोले, राहणार कुरुंदा, कन्याशाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, वय त्रेसष्ट. डोके ठिकाणावर आहे. ते नाही असे गावात कोण म्हणते, तेही ठाऊक आहे.

१. आधी नावेविषयी. वडील हिंगोलीच्या छावणीत कारकून. तिथल्या मडमेने शब्द टाकला म्हणून मी मुंबईच्या कॉन्व्हेंटात शिकले. वर्गाच्या खिडकीतून शिडे दिसत. मी तिकडेच बघत बसते म्हणून सिस्टरने त्या खिडकीचा पडदा मलाच शिवायला लावला. समुद्र काय तो तेवढाच पाहिला. अजून दुपारी डोळा लागला की ती शिडे निघालेली दिसतात, आणि मी काठावरच.

म्हणून अंगणात सागवानी नाव बांधायला घेतली. नासेर सुताराने जन्मभर बैलगाड्या केल्या. पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाई, चाकं कुठं बसवू?" तरी दोघांनी मिळून बांधली. सांध्यांत कापूस आणि राळ भरली. शीड मी शिवले. पूर्णेला पाणी यायचे तेवढे बाकी होते.

हळदीच्या वाफेने राळ वितळली, सांधे उघडले. जाब विचारला तर उत्तमराव म्हणतो, "आत्या, एवढी मोठी दोण रिकामीच पडून राहिली होती. काहून चिडून राहिल्या तुमी? धुऊन देतो की!"

"आधी तुझं धोतर धुऊन दाखव," मी म्हणाले.

२. करवत, रंधा, पटाशा नासेरला. चुलतभाऊ तातेराव यांनी 'उद्या देतो' म्हणून नेलेला लाकूड तासायचा वाकसही त्यानेच मागून घ्यावा. मी मागून थकले.

३. इंग्रजी पुस्तके व भिंतीवरचे घड्याळ शाळेच्या द्वारकाबाईंना. त्या उशिरा येतात.

४. पावसाळ्याआधी मी गेलेच, तर नासेरने नाव पूर्णेत सोडावी. मागून कोणी दोर धरू नये.

५. घर उत्तमरावाचे. त्याची आई गेल्यावर तो याच घरात माझ्या हाताखाली वाढला. मात्र सांधे पुन्हा भरून, नाव गाडीत घालून हट्टा गावाच्या बाजूला पूर्णेवर नेणे आणि मला तीत बसवणे, ही अट. मान्य नसेल तर घर कन्याशाळेला, परगावच्या मुलींना राहायला.

उत्तमरावा, "व्हय आत्या" हे तोंडी उत्तर तू लहान होतास तेव्हापासून ऐकत आले आहे. या वेळी चालणार नाही. नेणार की नाही, हे कागदावर, तुझ्या सहीने, सोमवार ता. १५ एप्रिल १९४६ रोजी दिवस मावळण्याआधी माझ्या हातात पाहिजे.

मुक्काम कुरुंदा, ता. १४ मार्च १९४६
सही: नर्मदाबाई आनंदराव इंगोले

समक्ष सह्या करणारे, यांना यातले काहीही मिळणार नाही:
मोहनसिंग, निवृत्त जमादार
संतराम, शेजारी