सोन्यावरचं आभाळ

१० सप्टेंबर १४८१, सिएना

मेरीमातेच्या मागचं सोनं काढा म्हणे! फादर उगोलिनो सकाळीच माझ्या चित्रशाळेत येऊन सांगून गेले. "बार्ना, खिडकी उघडलीस तर बाहेर सोनं दिसतं का रे? टेकड्या दिसतात, आभाळ दिसतं. फ्लॉरेन्समध्ये आता तसंच रंगवतात. आपल्या वेदीवरचं चित्र बघून पाहुणे हसतात."

चित्र बाबांच्या हातचं, लाकडी फळीवरचं. माझ्या जन्माआधीचं.

११ सप्टेंबर

नाही म्हणायला गेलो. फादर म्हणाले, "मग राहू दे. ही फळी उतरवू, दुसऱ्याकडून नवं करून घेऊ." म्हणजे बाबांची मेरी चुलीत! हो म्हणून आलो.

१२ सप्टेंबर

लापाला सांगितलं. बायको ती — आधी हसली. "मेरीच्या मागे टेकड्या? मग चार शेळ्याही सोडा चरायला!" मग म्हणाली, "अहो, पण मामंजींना काय सांगणार?"

तेच तर! बाबांना आता माणसं दिसत नाहीत, माझं तोंडसुद्धा नाही. रविवारी वेदीसमोर मेणबत्त्या लागल्या की ते सोनं चमकतं — जगात तेवढंच दिसतं त्यांना. त्या दिवशी स्वारी दोन घास जास्त जेवते.

१६ सप्टेंबर

फळी घरी आणली. धुवायला आणली, असं बाबांना सांगितलं. "धूर फार बसतो रे त्यावर. हलक्या हाताने पूस हं." हो म्हटलं.

२० सप्टेंबर

सोनं खरवडलं. वर्ख चिकटावा म्हणून बाबांनी लावलेली खालची लाल माती उघडी पडली. मेरीच्या चेहऱ्याला धक्का लावला नाही.

२ ऑक्टोबर

खोटं कशाला लिहू — काम रंगात आलंय! जवळची टेकडी हिरवी, पलीकडची निळसर, त्यापलीकडची धुरकट. रस्ता लांब जाता जाता बारीक होतो. मेरी पहिल्यांदाच कुठेतरी बसल्यासारखी वाटते, आमच्याच शिवारात. स्वतःची लाज वाटते आणि कुंचला खाली ठेववत नाही.

७ ऑक्टोबर

"झालं का रे धुऊन?" — बाबा. "होतंय." जीभ झडो माझी!

१२ ऑक्टोबर

फळी परत वेदीवर चढली. फादर खूश. "आत हात घालावासा वाटतो," म्हणाले. मला घरी जावंसं वाटेना.

१४ ऑक्टोबर, रविवार

बाबा पहाटेपासून तयार. हात धरून वेदीसमोर नेलं. सगळ्या मेणबत्त्या जळत होत्या. बराच वेळ मान वर करून बसले.

"आज दिवे लावले नाहीत का रे?"

"नाही लावले, बाबा."

"बरं. थांबू मग. लावतील."