फाटकाबद्दल माझं निष्पक्ष मत

मंगळवार, ५ फेब्रुवारी २०१९. दुपार.

आजपासून थोडं थोडं लिहायचं. कुसुम म्हणाली, पप्पा, तुम्ही बोलत नाही, निदान लिहा तरी. मुलगी इंदूरहून रजा काढून आली आहे, तिचं मन मोडायला नको. बाकी बोलण्यासारखं काही नाही. तिची आई शोभा शनिवारी गेली. कशी गेली, किती वाजता, डॉक्टर काय म्हणाले, हे शेजारचा भाईदास येणाऱ्यांना दारातच सांगून टाकतो. मी ठीक आहे.

अग्नी मी दिला. त्यामुळे चौदा तारखेला तेराव्याची गंधमुक्ती होईपर्यंत घराबाहेर पडायचं नाही. पुढच्या खोलीत घोंगडीवर बसायचं, लोखंड म्हणून अडकित्ता जवळ ठेवायचा, पलंग नाही, दाढी नाही, कोणाला शिवायचं नाही. सगळी नोकरी एका खुर्चीवर बसून केली. मला हे जड जाणार नाही.

रिकाम्या वेळेचा उपयोग व्हावा म्हणून एक काम हाती घेतलं आहे. शोभाच्या टॅबमध्ये ट्रकचा एक गेम आहे, ‘धीमी गाडी’. ती दोन वर्षं खेळत होती. मी त्याला फालतू म्हणायचो. ती म्हणायची, खेळल्याशिवाय बोलू नये. मुद्दा रास्त होता, वेळ नव्हता. आता आहे. खेळून, दोन्ही बाजू पाहून, निष्पक्ष मत द्यायचं. दोन दिवस पुरेत.

याचा दुःखाशी संबंध नाही.

संध्याकाळ.

वस्तुस्थिती. ट्रकमध्ये केळी भरायची आणि दिल्लीला न्यायची. ट्रक खऱ्या ट्रकइतकाच हळू चालतो. मध्ये थांबवून ठेवायची सोय नाही. केळी पिकत जातात. तिसऱ्या टप्प्यावर रेल्वेचं फाटक लागतं, ते बंद असतं. गेमखाली लोक मतं लिहितात, तिथलं भांडण सगळं त्याच्यावरून आहे. बहुतेकांचं म्हणणं, फाटक उघडतच नाही, बनवणाऱ्याने फसवलं. पाचापैकी दीड तारा मिळाला आहे. थोडे लोक म्हणतात, उघडतं. त्यांच्यात शोभा एक नंबर.

तिने पाच तारे दिले आहेत आणि खाली हिंदीत बरंच लिहिलं आहे. कामाचा भाग मराठी करून उतरवतो: ‘फाटक बिघडलेलं नाही. हॉर्न वाजवू नका. बोटं बाजूला ठेवा आणि थांबा. गाडी जाते, मग उघडतं. तोवर केळी पिकतात, पण सगळी सडत नाहीत.’ पुढे माझ्याबद्दल दोन-तीन ओळी आहेत. विषयाला धरून नाहीत म्हणून घेतल्या नाहीत.

त्याखाली ‘गेमर सुलतान’ नावाच्या कोणीतरी लिहिलंय, आंटी, आप स्वेटर बुनो. तिचं उत्तर: बेटा, स्वेटर हो गया, अब ट्रक चला रही हूँ.

असं बोलायची हे मला माहीत नव्हतं. घरात कमी बोलायची. किंवा मी.

बुधवार, ६ फेब्रुवारी.

सकाळीच फाटकापर्यंत पोचलो. अवघड काही नाही. दुपारपर्यंत निकाल लावायचा असं ठरवलं.

दुपारी लोक दारावर आले. कोणी भेटायला आलं की मी टॅब शालीखाली घेतो. कोणाला कळत नाही. आज तुकईथडहून शोभाची भागाबाई मावशी आली. ती रडत असताना माझा अंगठा चुकून हॉर्नवर पडला आणि उचलेपर्यंत हॉर्न वाजतच राहिला. मावशी रडायची थांबली. म्हणाली, “जावईबापू, दाराशी टरक लागला का काय? कवाचा बोंबलून राह्यला. मेल्याच्या घरासमोर तरी दम धरा म्हणा.” भाईदास उठून बाहेर गेला, दोन्ही बाजूंना पाहिलं, आत येऊन म्हणाला, “गेला, मावशी. चांदनीच्या रस्त्याने गेला.”

भाईदासला ऐकू कमी येत असावं. बाहेर ट्रक नव्हताच.

गुरुवार, ७ फेब्रुवारी.

पद्धतशीर प्रयत्न केले. लांब हॉर्न, तुटक हॉर्न, दिवे चालू-बंद. ट्रक मागे घेऊन पुन्हा आणला. फाटकाला हलकी धडक दिली, त्याचा दंड झाला. केळी काळी पडली. मालकाने शिवी दिली (गेममधल्या). दुसरा ट्रक घेतला.

शोभाची थांबण्याची पद्धतही प्रामाणिकपणे करून पाहिली. भरपूर थांबलो. चार मिनिटं. काही झालं नाही.

जेवण अर्धं ठेवलं. बसून बसून भूक लागत नाही.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी.

कुसुमला कळलंय. घोंगडीपासून हातभर लांब बसून म्हणाली, पप्पा, शाल काढा, आतून उजेड दिसतोय. पहिल्या दिवसापासून दिसतोय म्हणे. मावशीलाही माहीत आहे, पण मावशीला वाटतंय मी शोभाचे फोटो पाहतो.

मी सांगितलं, हा एक अभ्यास आहे. ती म्हणाली, “मम्मी फाटकावर ट्रक लावून द्यायची आणि पोळ्या करायला घ्यायची.”

हे नवीन आहे. मी ताटावर बसलो की ती कधी कधी स्वयंपाकघरातून म्हणायची, “उघडलं.” मला वाटायचं, कुकर. मी म्हणायचो, बरं.

उद्या थांबण्याची पद्धत पुन्हा करून पाहायची. कडकपणे, पाऊण तास. हॉर्नला हात लावायचा नाही.

शनिवार, ९ फेब्रुवारी.

सात मिनिटांनी हॉर्न वाजवला. पण याला कारण आहे. आज शनिवार. मागच्या शनिवारी या वेळेला लोक जमू लागले होते, त्यामुळे वातावरण ठीक नव्हतं.

दुपारी सुलतानला उत्तर दिलं. टॅब शोभाच्या नावाने चालतो, त्यामुळे उत्तरही तिच्याच नावाने गेलं. त्याने नवीन लिहिलं होतं, फाटक म्हणजे सरळ चोरी आहे. मी शुद्ध हिंदीत तीन मुद्दे मांडले. त्यातल्या दोन मुद्द्यांवर माझं स्वतःचं मत अजून बनलेलं नाही, पण तो मुलगा ज्या भाषेत बोलतो तिला उत्तर गेलंच पाहिजे.

त्याचं उलट उत्तर आलं, आंटी, बहुत दिन बाद आईं. आज बड़े गुस्से में हो. तबीयत तो ठीक है ना?

नेट गेलं. म्हणून उत्तर दिलं नाही.

रात्री पाहिलं तेव्हा नेट होतं.

रविवार, १० फेब्रुवारी.

खिडकीतून लोधीपुऱ्याचा जेवढा रस्ता दिसतो तेवढा पाठ झाला आहे. दूधवाला, समोरची शिवणाची मशीन, भाईदासची बंद पडलेली स्कूटर. आत आलं की पुन्हा फाटक. लाल-पांढरा दांडा, त्यावर बसलेला एक पक्षी. तो पक्षी दर थोड्या वेळाने मान वळवतो. गेममध्ये एवढी मेहनत पक्ष्यावर घेतली, फाटकावर का घेतली नाही, हा मुद्दा मतामध्ये घालायचा.

मावशीने ताट परत नेताना कुसुमला आत जाऊन काहीतरी सांगितलं. “ह्या माणसानं पाखरायेवढं खाल्लं,” एवढं ऐकू आलं. मी पोळी ताटाखाली सरकवली होती. ती तिला सापडली असावी.

उद्या घाटावर जायचं आहे. दहावा. कावळा शिवला नाही तर राहिलेली इच्छा ओळखून ती पुरी करू असं मोठ्याने सांगावं लागतं. भाईदास म्हणाला, वहिनींची इच्छा काय होती ते आठवून ठेवा, वेळेला धावपळ नको. मला आठवायची गरज नाही. मला एकट्यालाच माहीत आहे. वाक्य तयार ठेवलं आहे.

सोमवार, ११ फेब्रुवारी.

घराबाहेर पडलो, पण तापीपर्यंतच. ऊन चांगलं होतं. डोकं केलं. पिंड ठेवला आणि सगळे लांब जाऊन उभे राहिले.

कावळे होते. देवळाच्या भिंतीवर चार-पाच बसलेले. एकही खाली येईना.

भाईदास हात जोडून म्हणाला, वहिनी, कुसुमचं लग्न धूमधाम से करू. कुसुमने त्याच्याकडे पाहिलं. कावळे हलले नाहीत. मग कोणीतरी म्हणालं, तुमच्या पाटल्या कुसुमलाच मिळतील. नाही. कोणी म्हणालं, ओंकारेश्वरला जायचं राहिलं होतं, भाऊ जाऊन येतील. नाही. गुरुजी म्हणाले, घरच्यांनी बोलावं.

मी पुढे झालो. स्पष्ट आवाजात म्हणालो, “शोभा, फाटक मी उघडीन.”

गुरुजींनी हळूच विचारलं, कोणतं फाटक. भाईदास म्हणाला, घराचं आहे, जाम होतं. कावळ्यांपैकी एक उडाला आणि पलीकडच्या कोणाच्यातरी पिंडावर जाऊन बसला.

गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले. तेव्हा भागाबाई मावशी, गुडघे धरत, वाळूतून पुढे गेली. पिंडाशी भांडायला गेल्यासारखी. म्हणाली, “शोभे, पुरं झालं आता. तुझ्या माणसाले मी जेवू घालते. समोर बसून घालते, ताटाखाली लपवू देत नाही. पोरगी हाय, मी हाय. निघ तू.”

ती मागे वळायच्या आत कावळा उतरला.

ऊन वर आलं की कावळे उतरतातच. यातून अर्थ काढण्याचं कारण नाही. शिवाय तोवर फोडणीच्या भाताचा वास सुटला होता.

घरी येऊन पुन्हा घोंगडीवर बसलो.

मंगळवार, १२ फेब्रुवारी.

महत्त्वाची नोंद.

दुपारी मावशीने माझ्यासमोर बैठक मारली. टॅब हातातून घ्यायचा नाही म्हणून नुसती बोटाने दाखवून म्हणाली, ते तिथं ठेवा. खिडकीत ठेवला. ट्रक फाटकावरच होता. मावशीने वाढलं. तिने तुकईथडच्या केळीचं सांगितलं, तिच्या दिराच्या दुसऱ्या बायकोचं सांगितलं, शोभा लहानपणी तिच्याकडे आली की कशी बैलाच्या गळ्यातली घंटा सोडून स्वतःच्या गळ्यात बांधायची ते सांगितलं. मी दुसऱ्यांदा भात घेतला. उठावं तर ती उठेना. ताट रिकामं झालं तेव्हा ती उठली.

खिडकीत पाहिलं तर फाटक उघडं होतं.

गाडी केव्हा गेली ते पाहायचं राहिलं. पक्षी उडून गेला होता. रस्ता समोर सरळ दिसत होता. केळी अर्धीअधिक चांगली होती.

मी म्हणालो, “उघडलं.”

आतून मावशी म्हणाली, “काय?”

बुधवार, १३ फेब्रुवारी.

निकाल लिहून काढला. चार परिच्छेद. पहिल्यात गुण, दुसऱ्यात दोष (पक्षी धरून), तिसऱ्यात फाटकाबाबत खुलासा, चौथ्यात शिफारस. शोभाचं म्हणणं मूलतः बरोबर असल्याचं मी मोकळेपणाने मान्य केलं आहे. तथापि वेळेचा अपव्यय लक्षात घेता तीन तारे. भावनेच्या भरात पाच देणं सोपं होतं. तिलाही ते पटलं नसतं.

उद्या गंधमुक्ती झाल्यावर टाकायचा. तिच्या मताच्या शेजारी माझं मत राहील. आमच्यात असं शेजारी शेजारी फारसं काही नव्हतं.

गुरुवार, १४ फेब्रुवारी. संध्याकाळ.

गंधमुक्ती झाली. कपाळाला गंध लागलं, नवा टॉवेल-टोपी झाली, माणसं जेवून गेली. मी मोकळा आहे.

साडेचारला निकाल टाकला. टॅबने विचारलं, बदलायचं का? मी हो केलं. मला वाटलं, मत बदलायचं का असं विचारतोय, आणि माझं बदललंच होतं.

एका नावाचं एकच मत राहतं म्हणे. जुनं जातं. हे कुसुमने नंतर सांगितलं. तिने बरंच शोधलं. मग टॅब माझ्याकडे परत दिला आणि म्हणाली, जाऊ द्या पप्पा. तिचा आवाज ठीक नव्हता.

आता तिथे शोभाच्या नावाखाली तीन तारे आहेत आणि ‘वेळेचा अपव्यय लक्षात घेता’ आहे.

रात्री ९.

दुरुस्ती सुरू केली आहे. पाच तारे केले. माझे चार परिच्छेद काढले. पहिल्या मंगळवारी इथे उतरवलेला मजकूर परत हिंदीत करून घातला. ‘बोटं बाजूला ठेवा’ला तिने उंगलियाँ म्हटलं होतं की हाथ, ते आठवत नाही. हाथ लिहिलं.

मग त्या माझ्याबद्दलच्या ओळी. पहिली आठवते: माझे मिस्टर म्हणतात, गेम फालतू आहे. दुसरी अशी सुरू होत होती: ते एकदा. ते एकदा खेळले तर. किंवा, ते एकदा शेजारी बसले तर. पुढे काय होईल असं तिने लिहिलं होतं ते मी वाचलं होतं. वाचलं होतं हे नक्की.

कुसुमला माहीत नाही. शेवटी सुलतानला विचारलं. बेटा, मैंने अपने मिस्टर के बारे में क्या लिखा था, याद है?

लगेच उत्तर आलं. आंटी, इतना लंबा कौन पढ़ता है.

‘ते एकदा’ एवढंच लिहून ठेवलं आहे.

भाईदास दारातून विचारून गेला, भाऊ, आता बाहेर पडता येतं, चौकापर्यंत चहाला चला. उद्या बघू म्हणालो. मावशीने ताट वाढलंय. ट्रक पुढच्या फाटकावर उभा आहे. हे पण बंद आहे. टॅब खिडकीत ठेवला आहे.