धावताना ऐकलेली हाक

शनिवार, १२ डिसेंबर २००९

पाच किलोमीटर, एकोणतीस मिनिटं. दादाने दुबईहून पाठवलेल्या फोनवर आजवरची माझी सगळ्यात चांगली वेळ. पण तो आकडा आता बघवत नाही.

सकाळी किनाऱ्यावर धावत होतो. शेजारचे सोमाकाका नि पारूकाकी दोघंच होडी वाळूवर ओढत होती. काकींनी हाक मारली, "रे दिगू, जरा हात लाव रे!" मी ती ऐकली, आणि मान खाली घालून पुढे गेलो. दोन मिनिटं थांबलो असतो तर एकोणतीसची एकतीस झाली असती. एवढंच ना?

संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर कळलं, होडी घसरून काकांच्या पायावर आली. हाड मोडलंय. ऐन हंगामात दोन महिने समुद्र बंद.

तसाच त्यांच्याकडे गेलो. काका पाय उशीवर ठेवून पडले होते. मी तोंड उघडायच्या आत काकीच म्हणाल्या, "तुका आयकाक येवक नसात रे. वारो केवढो होतो."

सकाळी वारा अगदी पडलेला होता, हाक ऐकू न येण्यासारखं काहीच नव्हतं. ते काकींनाही ठाऊक आहे.

मी "होय" म्हटलं, आणि त्यांनी दिलेला चहा प्यालो.