आठवा शब्द

इंदिरानगर, नाशिक
१६ नोव्हेंबर २०२५

ती. शेबाआत्यास,
शालोम आणि सा. न. वि. वि.

मेसेजला तू नुसता अंगठा दाखवून सुटतेस, म्हणून कागद. तेरा डिसेंबरला पप्पांना जाऊन वर्ष होतंय आणि त्यांच्या नावाने कद्दीश एकदाही झाला नाही. मेलेल्या माणसासाठीच्या या प्रार्थनेला दहाजण लागतात. नाशिकमध्ये आपल्या ज्यू लोकांत पुरुष सातच, आणि बायका धरत नाहीत.

काल प्रार्थना चालवणाऱ्या सॅमसनकाकांच्या हॉलमध्ये जमलो. आपल्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत, म्हणून काका ते दहा शब्दांचं हिब्रू वचन म्हणत गेले, एकेका डोक्याला एक शब्द. सातवा, सांभाळ. तिथे थांबले. आठवा, उचलून धर, तो आमच्याकडे कधी येतच नाही. मी आणि आई समोरच होतो. सोफा मोजत नाहीत, तसं आम्हाला मोजलं नाही.

तेराला पुढचे शब्द मी म्हणणार. तू ये.

लोभ कर, उपदेश कमी कर.
तुझी आगाऊ
शिफ्रा

पेण
२३ नोव्हेंबर २०२५

चि. शिफ्रास,
अनेक आशीर्वाद.

आगाऊ तूच लिहिलंस, माझं काम वाचलं. असलं काही करू नकोस. माझा जोएल आणि त्याचे दोन मित्र, तिघांना घेऊन येते. दहा होतील, विषय संपेल. बेन्जामिन माझा धाकटा भाऊ होता. त्याची प्रार्थना भांडणात नको.

आणि तुझ्या आईला, चांगुणाला, यात ओढू नकोस. बौद्ध घरातून आली, रीतसर सगळं शिकून आपल्यातली झाली, तरी सव्वीस वर्षं ती 'तिकडचीच' असं ऐकतेय. परत कुणी तोंडावर म्हणालं तर ती खाली मान घालून प्रार्थनेनंतरच्या मलिद्याचे पोहे भिजवत बसेल, आणि ते तुलाच बघवणार नाही.

लोभ आहेच, थोडा धाकही असू दे.
तुझी आत्या
शेबा

नाशिक
३० नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
शालोम, सा. न. वि. वि.

तिघांना आणू नकोस. जोएलदादा आला की काकांचे दहा भरतात आणि आम्ही परत सोफा. एकटी ये. सातवर आई, मी आणि तू. तू नसलीस तर वचन नवव्या शब्दावर लटकणार.

आईला विचारलं. नारळ खोवता खोवता म्हणाली, पप्पांच्या आजारपणात सगळ्या प्रार्थना मीच म्हणत होते, मला पाठ आहेत. पण मी आपणहून उभी राहणार नाही. घरातल्या मोठ्या कुणीतरी आधी मला मोजावं.

मोठी तू आहेस. माझ्याने ते होणार नाही.

रागाव, पण लोभ ठेव आणि ये.
शिफ्रा

पेण
४ जानेवारी २०२६

चि. शिफ्रास,
अनेक आशीर्वाद.

सॅमसनने सिनेगॉगच्या कमिटीला सगळं कळवलंय. तेराला सातव्या शब्दानंतर मी उठले, चांगुणाच्या डोक्यावर हात ठेवून आठवा म्हटला, नववा तुझ्यावर, दहावा माझा मीच. तो चपला घालून गॅलरीत गेला, हेही लिहिलंय. आपला कद्दीश संपेपर्यंत तिथेच उभा होता, ते मात्र विसरला.

कमिटीने मला माफी मागायला सांगितलंय, नाहीतर ती प्रार्थना झाली असं धरणार नाहीत. शिवाय हजर कोण कोण, त्याचा खुलासा मागितलाय. जोएल म्हणाला, आई, दोन ओळींची माफी लिही आणि मोकळी हो. त्याला म्हटलं, तू चहा टाक.

माफी लिहिली नाही. खुलासा काल पोस्टात टाकला. दहा हजर होते, असं लिहून खाली दहाही नावं दिली. पहिलं चांगुणा बेन्जामिन आवासकर. सॅमसनचं दहावं. मी त्याला मोजलंय. खोडायचं असेल तर त्याने पेणला यावं, माझ्यासमोर बसावं आणि स्वतःच्या हाताने खोडावं.

चांगुणाला सांग, पुढची प्रार्थना माझ्या घरी. कमिटीलाही बोलावलंय.

लोभ वाढव, धाकाचं मी बघते.
तुझी आत्या
शेबा