मामांची अकरा वाक्यं

२ मार्च, सोमवार. सकाळी साडेअकरा (म्हणजे पहाट)
आजपासून डायरी. पुढेमागे माझ्यावर कोणी सिनेमा काढला तर मटेरियल तयार असावं. वाचणारं कोणी नाही, तेव्हा सगळं खरं लिहायचं.
वय सव्वीस. मामांकडे 'चार दिवस' म्हणून आलो, त्याला चौदा महिने झाले. त्याआधी ड्रोन उडवण्याचा कोर्स (ड्रोन झाडावर), शोभेचे मासे पाळणे (वारले), बाइकवरून देशभ्रमण (क्लच गेला, बत्तीस किलोमीटर). मामी म्हणते, तुझं सगळं अर्धवट. मी म्हणतो, सँपल घेतो.
आता मात्र कायमचं सापडलं. सिनेमाचं परीक्षण! चॅनेलचं नाव 'पडदाफाड'. दर शनिवारी संध्याकाळी लाइव्ह, सोबत इंडस्ट्रीतला एक पाहुणा, हलक्याफुलक्या गप्पा. कॅमेरा ढापण्या सांभाळतो. शाळेतला दोस्त, चष्म्याशिवाय त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. स्टुडिओ म्हणजे मामांची अडगळीची खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना घरातल्या जुन्या गाद्या टांगल्यात. मामीने विचारलं, पाहुणे राहायला आले तर त्यांना झोपवायचं कुठे, भिंतीला टांगून? कलेबद्दल या घरात अनास्था आहे.
संकल्प: सिनेमा शेवटपर्यंत बघायचा.

७ मार्च, शनिवार
संकल्प पुढच्या आठवड्यापासून. इंटरव्हलला समोसा... नाही, खरं लिहायचं ठरलंय. इंटरव्हलला बाहेर एक माणूस उघड्यावर ॲकॉर्डियन दुरुस्त करत होता. आतल्या पट्ट्या काढून ओळीने मांडल्या होत्या. बघत बसलो. शिकावं का? तोवर सिनेमा सुटला.
पण शितावरून भाताची परीक्षा होतेच. अख्खं पातेलं कोण खातं?
आजचा पाहुणा मेकअपवाला. चाळीस वर्षं खोटं रक्त बनवतोय, स्वतः मात्र पांढराफटक. म्हणाला, क्लायमॅक्सला हिरोचा भाजलेला गाल केलाय, सहा तास लागले, तो कसा वाटला? मी म्हणालो, उजवा गाल थोडा जास्त भाजलाय. म्हाताऱ्याने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, बरोबर पकडलंत, दिग्दर्शक पण हेच म्हणाला.
पन्नास टक्के चान्स होता. याला म्हणतात सिनेमाची जाण.
प्रेक्षक एकतीस. त्यातले चार ढापण्याच्या घरचे.

११ मार्च, बुधवार
मामांबद्दल लिहून ठेवतो, पुढे पात्र म्हणून उपयोगी पडतील. चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. पण सुट्ट्या घेऊन सव्वीस वर्षं सिनेमात काम करतात. काम काय, तर प्रेत. एकशे नऊ सिनेमांत मेलेत. म्हणतात, छातीने श्वास घ्यायचा नाही, पोटाने घ्यायचा. पापणी फडफडू नये म्हणून मिटल्या डोळ्यांनी नाकाच्या शेंड्याकडे बघायचं. मामी म्हणते, घरीही तसेच असतात, फक्त जेवतात.
तर आता त्यांना पहिल्यांदा जिवंत माणसाचा रोल मिळालाय. दवाखान्याचा रखवालदार. सेकंड हाफमध्ये चार मिनिटांचा सीन, अकरा वाक्यं. मुलगी आत शेवटच्या घटका मोजतेय आणि तिचा बाप बाहेर बाकावर बसलाय, त्याला रखवालदार धीर देतो. गेले सात महिने हा सीन भिंतीपलीकडून, आता गाद्यांमधूनही, माझ्या कानावर पडतोय. "मीपण याच बाकावर बसलो होतो, साहेब." इथे टोपी काढायची. मग बाकावरून हात फिरवायचा. आणि शेवटचं, अकरावं वाक्य: "उठा साहेब, उजाडलं." शूटिंग होऊन चार महिने झाले तरी मामा थांबेनात. मला झोपेत पाठ झालाय.
सिनेमा वीस तारखेला लागतोय. मामांनी बावीस तारखेच्या रविवारची एक अख्खी रांग बुक केलीय. चौदा सीट. दुकानातली सगळी माणसं, मामीची बहीण, मी. पहिल्या खेळाला नाही का जाणार, असं विचारलं तर लाजले. म्हणाले, आपल्या माणसांत बघायचाय.

१४ मार्च, शनिवार
जोरदार एपिसोड! पाहुणी एक ड्रेस डिझायनर बाई. मी तिच्या सिनेमातल्या हिरोइनला कपडे घातलेला ओंडका म्हणालो. बाई म्हणाली, ती माझी मुलगी आहे. मी म्हणालो, कपडे मात्र छान आहेत. बाई उठून गेली. प्रेक्षक एकशे सत्तर. ढापण्या म्हणाला, लोकांना रक्त आवडतं रे, असंच झोडत जा.
सेकंड हाफमध्ये त्या हिरोइनने म्हणे कमाल केली होती. असेल.

१६ मार्च, सोमवार
मामांनी स्वतःहून त्यांच्या सिनेमाच्या दिग्दर्शकाला फोन केला. भाचा आहे, होतकरू आहे, जरा याल का? असं अजिजीने बोलले की मलाच लाज वाटली. दिग्दर्शक शनिवारी येतोय! लाइव्ह!!
नंतर मामा खोलीच्या दारात उभे राहिले. आत येत नाहीत, स्टुडिओ आहे म्हणून. म्हणाले, कार्यक्रमात माझ्या सीनबद्दल एक वाक्य बोलशील का? चांगलंच बोल असं नाही रे. तू पाहिलास, एवढं कळलं तरी पुरे.
मी म्हणालो, मामा, अख्खा एपिसोड तुमचा.
संकल्प: हा सिनेमा काहीही झालं तरी पूर्ण. आईची शपथ. (आई लांब आहे, तिला कळायचं कारण नाही.)

२० मार्च, शुक्रवार. संध्याकाळी
दुपारच्या खेळाला गेलो. फर्स्ट हाफ रटाळ. निम्मा वेळ फोनवर शनिवारचे पंच लिहून काढले, त्यामुळे वेळ सत्कारणी लागला. इंटरव्हलला फक्त पाय मोकळे करायला बाहेर आलो, तर शेजारच्या गल्लीत सेकंडहँड बाइकचा लिलाव! शंभरेक बाइक. एक लाल होती. नुसती बसून बघितली. परत आलो तर लोक बाहेर पडत होते.
काळजी नाही. मामांचा सीन मला जितका माहीत आहे तितका दिग्दर्शकालाही नसेल. बघून वेगळं काय कळणार होतं?
मामांनी विचारलं, बघितलास? मी म्हणालो, उद्या ऐका. त्यांनी हसून मान हलवली आणि शर्टाला इस्त्री करायला घेतली. आज शुक्रवार. शर्ट शनिवारचा.

२१ मार्च, शनिवार. रात्री आठ
थोडक्यात लिहितो.
मामा दाराशी स्टुलावर, इस्त्रीच्या शर्टात. मागे मामी आणि चष्म्याच्या दुकानाचे मालक. दिग्दर्शक किरकोळ अंगाचा, हळू बोलणारा. मी पहिली पंधरा मिनिटं सिनेमा धुतला. तो हसत होता. प्रेक्षक दोनशे. मग मी आवाज खाली आणला. म्हणालो, पण सेकंड हाफमध्ये एका माणसाने हा सिनेमा वाचवला. रखवालदार!
सगळं सांगितलं. टोपी काढणं, बाकावरून हात फिरवणं. अकरावं वाक्य म्हणून दाखवलं. म्हणालो, थिएटरमध्ये मी ढसाढसा रडलो, शेजारच्या अनोळखी माणसाने रुमाल दिला. मामांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. काय सांगू, स्वतःचाच अभिमान वाटला.
दिग्दर्शक हसायचा थांबला. कोणत्या खेळाला गेला होतात, म्हणाला. मी म्हणालो, कालच्या दुपारच्या.
तो म्हणाला, तो सीन सिनेमात नाहीये. शेवटच्या एडिटला काढला, लांबी होत होती.
मग मामांकडे वळून म्हणाला, तुम्हाला ऑफिसने कळवलं नाही का? मला वाटलं त्यांनी कळवलं असेल. मग परत माझ्याकडे वळला. फार शांतपणे विचारलं, शेवट कसा वाटला?
मी म्हणालो, ओपन एंडिंग आहे, प्रत्येकाने आपापला अर्थ लावावा.
तो म्हणाला, शेवटी दवाखाना जळून खाक होतो. वीस मिनिटं. तेवढं तरी दिसायला हवं होतं.
ढापण्याने कॅमेरा बंद केला नाही. आकडा चढत होता म्हणे. सहाशे चाळीस. आजवरचा रेकॉर्ड.
मामा उठले. मला वाटलं मारतात. त्यांनी दिग्दर्शकाला ग्लासभर पाणी आणून दिलं. ग्लास जराही हलत नव्हता. पोटाने श्वास घेत असणार.

२२ मार्च, रविवार
चौदा जणांचा बेत रद्द. मामांना कणकण आहे, असं मामीने फोन करून सगळ्यांना कळवलं. तिकिटांची तारीख पुढच्या रविवारवर ढकलली. प्रत्येक फोन ठेवला की माझ्याकडे बघून म्हणायची, रुमाल हवाय का रे?
क्लिप फिरतेय. नऊ हजार. खाली लोक लिहितात, 'ओपन एंडिंग'. फक्त एवढंच. नाव होतंय हे नाकारता येणार नाही.
संकल्प: मामांची माफी मागायची. उद्या.

२४ मार्च, मंगळवार
माफी राहिली. ढापण्या म्हणतोय की दिग्दर्शकाचं चुकलं, पाहुण्याने असं लाइव्ह बोलायचं नसतं. पटण्यासारखं आहे.
मामाच दारात आले. दुकानात सगळे विचारतात, म्हणाले. सीन गेला तर गेला. पण शेवटी जी नावं येतात, त्यात नाव ठेवलं असेल का रे? कधीकधी ठेवतात. दिग्दर्शकाला विचारणं बरं दिसत नाही. तू उद्या जाऊन बघून ये. शेवटपर्यंत बस. नाव असेल तर मी रविवारी सगळ्यांना घेऊन जाईन. नसेल तर कणकण आहेच.
एवढंच एक काम. जणू मी लहान पोरगा आहे!

२५ मार्च, बुधवार
गेलो. इंटरव्हलला जागचा हललो नाही. लघवी दाबून धरली. दवाखाना जळताना पाहिला, आग बरी केलीय. आणि आग विझली, नावं सुरू होणार, तेवढ्यात ढापण्याचा फोन. 'ओपन एंडिंग' छापलेले टीशर्ट काढू या, एक छपाईवाला भेटलाय, आत्ता ये. माणूस आत्ता म्हणतो तेव्हा जावं लागतं. धंद्याचं असंच असतं.
छपाईवाला भेटला नाही. गावाला गेला होता.
घरी आलो तर मामा फाटकाशी. दुकानातून लवकर आले होते. नुसते बघत राहिले. मी म्हणालो, आहे! मधोमध आहे. ठळक.
मामांनी फाटकाची कडी दोनदा लावली, दोनदा काढली. आत जाऊन मामीला म्हणाले, मधोमध आहे म्हणे. मग फोन घेऊन बसले. चौदा जण.
तसं असेलही. नसायला काय झालंय?

२८ मार्च, शनिवार
आज जाऊन एकदा खात्री करून यायचं पक्कं ठरलं होतं. निघालोही होतो. वाटेत तो ॲकॉर्डियनवाला भेटला. पट्ट्या जोडून झाल्या होत्या, एक उरली होती. कुठली, ते आम्ही दोघांनी तीन तास शोधलं.
जागा सापडली नाही. पण वाजत होतं.

२९ मार्च, रविवार. संध्याकाळी सात
दुपारचा खेळ. चौदा सीट. मामा मधे, मी त्यांच्या उजवीकडे. पोटात दुखतं म्हणून पाहिलं. मामी म्हणाली, आतच दुखव.
फर्स्ट हाफमध्ये अर्ध्या तासाने दवाखान्याचा दरवाजा दिसला. बाजूला खुर्चीवर एक रखवालदार, डोळे मिटलेले, तोंड उघडं. तीन सेकंद. मामा! सीनच्या आधी लाइट लावत असताना डोळा लागला होता म्हणे, तेव्हाचं कोणीतरी घेतलेलं. दुकानाचे मालक ओरडले, अरे, परत मेला! अख्खी रांग हसली. मागची रांगही हसली. मामाही थोडे हसले.
हे मी दोनदा पाहिलंय म्हणजे. दिसलं कसं नाही?
इंटरव्हलला मामांनी माझं मनगट धरलं. घट्ट नाही. काच घासताना धरतात तसं. शेवटपर्यंत सोडलं नाही.
दवाखाना जळाला. नावं सुरू झाली. मालक म्हणाले, मधोमध म्हणजे आता येईल बघा. सगळे पुढे झुकले. ड्रायव्हर आले, सुतार आले, पाणी देणारे आले, दवाखान्यातल्या मांजरीचं नाव आलं. मामांचं आलं नाही. एकेक जण उठून गेला. मालकांनी जाताना मामांच्या खांद्यावर थोपटलं, प्रेताला थोपटतात तसं. मामी बाहेर जाताना माझ्या पायावर पाय देऊन गेली. चुकून नव्हे. म्हणाली, आज गाद्या उतरवायच्या, खोली रिकामी हवी.
पडदा पांढरा झाला. मामा बघतच होते. झाडूवाला खालच्या रांगेपासून झाडत वर येत होता. मी म्हणालो, मामा, कदाचित नंतर बदललं असेल. त्यांनी ऐकलं नाही. मग सगळे दिवे लागले. मामांनी माझं मनगट सोडलं, डोक्यावर नसलेली टोपी काढल्यासारखा हात केला, खुर्चीच्या दांडीवरून हळूच फिरवला.
म्हणाले, उठा साहेब, उजाडलं.
आणि गेले.
टायमिंग चांगलं होतं. आवाज थोडा पडला. हे त्यांना सांगणार होतो, पाहिलं एवढं तरी कळलं असतं. पण बाहेर येईपर्यंत चौदातले तेरा निघून गेले होते.
गाद्या उतरवल्या. खोलीत आता आवाज घुमतो.
मी पूर्ण पाहिलेला हा पहिला सिनेमा. शेवट उगाच लांबवलाय.